ऊर्जाविषयक राज्य कायदे

ऊर्जाविषयक राज्य कायदे : कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू यांवरील अवलंबन कमी व्हावे, सूर्य, वारा, भूगर्भीय उष्णता, जैव पदार्थ इ. पर्यायी उद्गमांचा वापर वाढावा आणि ऊर्जा काटकसरीने वापरली जावी, या हेतूंनी संघराज्यातील घटक राज्यांनी केलेले कायदे. अशा कायद्यांचा दीर्घ व विविध अनुभव अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मिळतो. तेथे आंतरराज्यीय घाऊक वीजव्यापार आणि अणुभट्ट्यांची प्रारणविषयक सुरक्षितता या बाबी संघीय शासनाकडे आहेत. परंतु किरकोळ वीजदर, वीज कंपन्यांचे नियमन व बांधकामाचे नियम मुख्यतः राज्यांच्या अखत्यारीत येतात. त्यामुळे ऊर्जाधोरणातील अनेक प्रयोग प्रथम राज्यांत झाले. उद्दिष्ट किती मोठे आहे यापेक्षा बंधन कोणावर आहे, ते कशाने मोजले जाते आणि त्याचा खर्च कोण सोसतो, यांवर कायद्याचे फलित अवलंबून असते, असे या प्रयोगांवरून दिसते.

पार्श्वभूमी : १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब तेल-उत्पादक देशांनी निर्यातबंदी जाहीर केली आणि तेलाच्या किंमती काही महिन्यांतच सुमारे चौपट झाल्या. तत्पूर्वी विजेची मागणी वाढतच राहणार हे गृहीत धरून नवी केंद्रे उभारण्याची प्रथा होती. मागणीचा अंदाज वीज विकणाऱ्या कंपन्याच करीत. कॅलिफोर्निया राज्याने १९७४ मध्ये संमत केलेल्या वॉरेन-ॲल्क्विस्ट अधिनियमाने ही प्रथा बदलली. या अधिनियमान्वये पाच सदस्यांचा राज्य ऊर्जा आयोग १९७५ मध्ये अस्तित्वात आला. मागणीचा स्वतंत्र अंदाज करणे, ५० मेवॉ. वा अधिक क्षमतेच्या औष्णिक केंद्रांच्या जागांना मान्यता देणे, उपकरणे व इमारती यांची कार्यक्षमता-मानके ठरविणे आणि पर्यायी ऊर्जेच्या संशोधनास साहाय्य करणे, ही कामे त्याच्याकडे सोपविण्यात आली. वीज वाचविणे हा वीज मिळविण्याचाच एक मार्ग आहे, ही कल्पना त्यामुळे शासकीय नियोजनात आली.

मानके : उपकरणाची किंमत ग्राहकाला दुकानात दिसते, त्याचा वीजखर्च मात्र पुढे अनेक वर्षे चालू राहतो. भाड्याच्या घरात तर घर बांधणारा एक आणि वीजबिल भरणारा दुसरा असतो. केवळ बाजारभावाने हा दोष दूर होत नाही, म्हणून किमान मानकांची सक्ती करण्यात येते. कॅलिफोर्नियात प्रशीतकांची (फ्रिजची) मानके १९७७ मध्ये व इमारतींची ऊर्जामानके १९७८ मध्ये अंमलात आली. या कार्यात भौतिकीविज्ञ आर्थर रोझेनफेल्ड यांचा मोठा वाटा होता. इतर राज्यांनीही मानके ठरविण्यास प्रारंभ केल्यावर प्रत्येक राज्यासाठी निराळा माल बनविणे उत्पादकांना गैरसोयीचे वाटू लागले आणि त्यांनीच एकसूत्री राष्ट्रीय मानकांना संमती दर्शविली. त्यातून १९८७ चा संघीय कायदा झाला. १९७० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेतील सरासरी नव्या प्रशीतकास वर्षाला सुमारे १,८०० किवॉ. तास वीज लागे. २००१ पर्यंत आकारमान वाढूनही हे प्रमाण सुमारे ५०० किवॉ. तासांवर आले. मानकांचा खर्च अनेकांत विभागला जातो व लाभ वापरणाऱ्यालाच मिळतो, म्हणून हा प्रकार राजकीय दृष्ट्या टिकाऊ ठरला.

करसवलती : १९७८ च्या संघीय कायद्याने लहान व अपारंपरिक उत्पादकांकडून वीज विकत घेणे वीज कंपन्यांवर बंधनकारक केले. अशी वीज अन्यथा निर्माण करण्यास कंपनीला जो खर्च आला असता, तेवढा दर द्यावयाचा होता. हा दर ठरविण्याचे काम राज्यांकडे आले. कॅलिफोर्नियाने १९८३ पासून दीर्घ मुदतीचे प्रमाणित करार उपलब्ध करून दिले आणि पवनचक्क्यांच्या भांडवली खर्चावर २५ टक्के करसवलत दिली. संघीय सवलती मिळून हा लाभ सुमारे निम्म्या खर्चाएवढा होत असे. परिणामी अल्टामॉन्ट खिंड, टेहाचापी व सॅन गोर्गोनिओ येथे हजारो पवनचक्क्या उभ्या राहिल्या. परंतु सवलत यंत्राच्या किंमतीवर होती, त्यापासून मिळणाऱ्या विजेवर नव्हती. त्यामुळे पुरेशा चाचणीवाचून बसविलेली अनेक यंत्रे लवकरच निकामी झाली. १९८५ च्या अखेरीस संघीय सवलत आणि त्यापाठोपाठ राज्याची सवलत संपल्यावर नवी उभारणी मंदावली व अनेक उत्पादक बंद पडले. १९९२ च्या संघीय कायद्यात पवनऊर्जेची सवलत प्रत्यक्ष निर्माण झालेल्या विजेवर देण्यात आली.

हिस्साबंधन : वीज कंपनीने आपल्या पुरवठ्याचा ठराविक हिस्सा नवीकरणीय उद्गमांतून मिळविलाच पाहिजे, अशी सक्ती हा पुढचा टप्पा होय. आयोवा राज्याने १९८३ मध्ये असा पहिला कायदा केला. त्यान्वये दोन कंपन्यांवर एकूण १०५ मेवॉ. क्षमतेचे बंधन आले. तथापि विरोधामुळे त्याची अंमलबजावणी बरीच लांबली. टेक्सस राज्याने १९९९ मध्ये २००९ पर्यंत २,००० मेवॉ. नवी क्षमता उभारण्याचे उद्दिष्ट ठरविले आणि खरेदी-विक्रीयोग्य प्रमाणपत्रे व दंड यांची व्यवस्था केली. उद्दिष्ट मुदतीपूर्वीच पूर्ण झाले व २००५ मध्ये ते २०१५ पर्यंत ५,८८० मेवॉ. असे वाढविण्यात आले. वारा पश्चिम भागात आणि मागणी पूर्वेकडील शहरांत, ही अडचण ओळखून त्याच कायद्याने पारेषण वाहिन्यांचीही तरतूद केली. वाहिन्या उभ्या राहिल्यावर पवनऊर्जा स्वबळावर वाढली. २०२३ मध्ये हे बंधन मागे घेण्याचा कायदा झाला, तेव्हा राज्यातील क्षमता मूळ उद्दिष्टाच्या कितीतरी पट होती. हवाईने २०१५ मध्ये २०४५ पर्यंत सर्व वीज नवीकरणीय उद्गमांतून मिळविण्याचे बंधन घातले. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये २०३० साठी ६० टक्के नवीकरणीय आणि २०४५ साठी संपूर्ण कार्बनमुक्त वीज असे उद्दिष्ट ठरविले.

मर्यादा : राज्याच्या अधिकाराची सीमा न्यायालयांनी स्पष्ट केली आहे. किरणोत्सर्गी अपशिष्टांच्या विल्हेवाटीची सोय होईपर्यंत नव्या अणुकेंद्रांना मनाई करणारा कॅलिफोर्नियाचा १९७६ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये वैध ठरविला. कारण त्याचा आधार सुरक्षितता हा नसून आर्थिक होता. खर्चाच्या वाटणीचा प्रश्न अधिक बिकट आहे. छतावरील सौर विजेची वीजबिलातून वजावट देण्याची पद्धत मिनेसोटाने १९८३ मध्ये सुरू केली. परंतु ती पसरल्यावर वाहिन्यांचा खर्च सौर संच नसलेल्या ग्राहकांवर पडतो, असा आक्षेप घेण्यात आला व कॅलिफोर्नियात २०२३ पासून नव्या ग्राहकांचा मोबदला कमी करण्यात आला. सौर संचधारकांच्या मते त्यांच्या विजेमुळे टळणारा खर्च यात पुरेसा धरलेला नाही. कायदे मागेही घेतले जातात : कॅनझसने २००९ चे बंधन २०१५ मध्ये ऐच्छिक केले. ओहायओने २०१९ मध्ये नवीकरणीय हिस्सा कमी केला व वीजबचतीचे बंधन संपुष्टात आणले. त्या कायद्याशी निगडित भ्रष्टाचाराच्या खटल्यात प्रतिनिधिगृहाचे तत्कालीन सभापती २०२३ मध्ये दोषी ठरले.

भारत : भारतात वीज हा विषय समवर्ती सूचीत आहे. ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ व विद्युत् अधिनियम २००३ हे केंद्रीय कायदे असले, तरी इमारतींची संहिता प्रादेशिक हवामानानुसार बदलण्याचा अधिकार राज्यांना आहे आणि वितरण कंपन्यांचा नवीकरणीय हिस्सा राज्य विद्युत् नियामक आयोग ठरवितात. महाराष्ट्रात ऊर्जा संवर्धनाच्या अंमलबजावणीचे काम १९८५ मध्ये स्थापन झालेल्या महाऊर्जा या संस्थेकडे आहे. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठारावरील पवनचक्क्यांच्या उभारणीस त्वरित घसाऱ्याच्या करसवलतीने मोठी चालना दिली. ही सवलतही भांडवलावरच आधारलेली होती. केंद्र शासनाने २००९ मध्ये निर्माण झालेल्या प्रत्येक युनिटवर प्रोत्साहन देण्याची योजना आणली, तीमागे अमेरिकेतील अनुभवाशी जुळणारा विचार होता. यंत्रे किती बसविली यापेक्षा वीज किती मिळाली व किती वाचली, हीच अशा कायद्यांची खरी कसोटी होय.