कवितेचं गाणं (भाग ६) : पियानो गप्प बसत नाही

मागच्या भागात भावगीताचा मुखडा पाहिला. आज व्हिएन्नाला जायचंय, पण निघू आपल्या कुरुंदा गावाहूनच.

आपल्याकडे भजनाला बसलं की पेटी असतेच. पेटीवाला गायकाच्या मागोमाग जातो, ओळ संपली की तीच चाल वाजवून त्याला दम घ्यायला सवड देतो. ही साथ, आणि चांगली साथ. युरोपातल्या कविता-गायनात मात्र पियानोला स्वतःचं काही सांगायचं असतं.

व्हिएन्नाच्या फ्रान्झ शूबर्ट या संगीतकारानं 1815 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, जर्मन कवी गटेच्या ‘एर्लकोनिग’ या कवितेला चाल लावली. रात्रीच्या वाऱ्यात बाप पोराला कवेत घेऊन घोडा दामटतोय आणि पोराला भुतांचा राजा दिसतोय. पियानिस्टचा उजवा हात एकच सूर तीन-तीनच्या झपाट्यात बडवत राहतो. टापा त्यातच ऐकू येतात. निवेदक, बाप, मुलगा, भूत हे चौघं एकाच गळ्यातून. बापाला मारलेली मुलाची हाक दर खेपेला वर चढते. भूत लाडीगोडी लावू लागलं की पियानोही मवाळ होतो. म्हणजे बापाला जे ऐकू येत नाही, ते आपल्याला येतं. घर आल्यावर टापा थांबतात, शेवटचे शब्द जवळजवळ बोललेच जातात आणि दोन ठोक्यांत गाणं संपतं.

1816 मध्ये शूबर्टच्या मित्रानं त्याची गाणी गटेकडे धाडली, ती उत्तराविना परत आली. गटेला प्रत्येक कडव्याला तीच चाल आवडे. सुरांनी कवितेवर कुरघोडी करू नये, असं त्याचं मत. संगीतकार यशवंत देवांनी ‘शब्दप्रधान गायकी’ हे पुस्तक लिहिलं, त्यामागची काळजी याच जातकुळीतली.

पण सुरांनी प्रसंग सांगावा ही कल्पना आपल्याला परकी नाही. विचारवंत नरहर कुरुंदकरांचं मूळ गाव हे आपलं कुरुंदा, आणि भरताचं नाट्यशास्त्र हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्या ग्रंथात नाटकातल्या ध्रुवागीतांचे पाच प्रकार आहेत. पात्र आत येताना प्रावेशिकी, बाहेर जाताना नैष्क्रामिकी. मध्येच रस पालटला तर आक्षेपिकी. उरलेल्या दोन प्रासादिकी आणि अंतरा.

आता पुन्हा भावगीताकडे, कवी ग्रेसांकडे. ‘महाश्वेता’ या दूरदर्शन मालिकेचं शीर्षकगीत त्यांच्या कवितेचं, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज लताबाईंचा. ग्रेसांची कविता अर्थ पटकन हाती लागू देत नाही. हृदयनाथ तो उलगडायलाही जात नाहीत, नुसती संध्याकाळ उतरवतात. चाल अप्रतिमच. तरी वाटतं, आपल्या भावगीतातला वाद्यमेळ अजून बुजराच आहे. ओळींमधली जागा भरतो, गायकाला उलट उत्तर देत नाही.

ग्रेसांच्या त्या कवितेला निदान लय तरी आहे. मुक्तछंदात मुखड्यावर परत यायचं म्हटलं तर यायचं कुठे? संगीतकार शोनबर्गनं 1908-09 मध्ये जर्मन कवी श्टेफान गेओर्गच्या पंधरा कविता आवाज आणि पियानोसाठी बांधताना षड्जाचा आधारच सोडून दिला. ते पुढच्या आठवड्यात.