सूर्यामागे फिरणारे घर आणि त्याच्या शेजारची साधी वसाहत

जर्मनीच्या नैर्ऋत्य टोकाला, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमांजवळ फ्रायबुर्ग हे शहर आहे. तिथल्या एका उतारावर 1994 साली उभे राहिलेले घर सकाळी पूर्वेकडे तोंड करते, दिवसभर सूर्यामागे वळत संध्याकाळी पश्चिमेला पोहोचते आणि रात्री परत मूळ जागी येते. वास्तुविशारद रॉल्फ डिश यांनी ते स्वतःच्या राहण्यासाठी बांधले. नाव आहे ‘हेलिओट्रोप’. वापरते त्यापेक्षा जास्त ऊर्जा निर्माण करणारे हे जगातले पहिले घर मानले जाते.

घराचा कणा म्हणजे 14 मीटर उंचीचा, अठरा कोनांचा लाकडी खांब. खांबाच्या पोटातून गोल जिना वर चढतो आणि खोल्या खांबाभोवती मळसूत्रासारख्या चढत्या क्रमाने लावलेल्या आहेत. संपूर्ण दंडगोलाकार घर या खांबाभोवती तासाला 15 अंश फिरते, म्हणजे सूर्य आकाशात जितका सरकतो तितकेच. घराच्या एका बाजूला तिहेरी काच आहे, दुसरी बाजू जाड उष्णतारोधक भिंतीने बंद केलेली. थंडीत काचेची बाजू सूर्याला सामोरी जाते आणि खोल्या तापतात. उन्हाळ्यात घर सूर्याकडे पाठ करते. छतावरचे सौर पॅनेल घरापासून स्वतंत्रपणे दोन अक्षांवर फिरते, त्यामुळे घराने पाठ फिरवली तरी पॅनेलचे तोंड उन्हाकडेच राहते. त्याची क्षमता 6.6 किलोवॅट आहे. बाल्कनीचे कठडेही नुसते कठडे नाहीत. पाणी तापवणाऱ्या निर्वात नळ्यांचेच ते बनवले आहेत. पावसाचे पाणी साठवले जाते, आंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी शुद्ध करून पुन्हा वापरले जाते, शौचालय पाण्याविना चालते. वर्षाकाठी हे घर स्वतःच्या गरजेच्या चार ते सहा पट ऊर्जा निर्माण करते असे सांगितले जाते.

फिरते घर छायाचित्रात फार छान दिसते, म्हणूनच जगभरच्या मासिकांत ते छापून आले. पण अख्खे घर फिरवण्याचा खर्च कोणत्या मध्यमवर्गीय कुटुंबाला झेपेल? जर्मनीतच त्याच्यासारख्या आणखी दोन इमारती झाल्या, एक ओफेनबुर्गला आणि दुसरी बव्हेरियातल्या हिल्पोल्टश्टाइनला. या दोन्ही व्यावसायिक कामासाठी होत्या. माझ्या मते डिश यांचे खरे मोठे काम त्यांच्या घराजवळच्याच वसाहतीत आहे. तिथे काहीही फिरत नाही.

हे सगळे फ्रायबुर्गमध्येच का घडले, त्याला कारण आहे. 1970 च्या दशकात शहराजवळच्या व्हील या गावी अणुवीज प्रकल्प उभारायचे ठरले. हा प्रकल्प झाला नाही तर दशकअखेरीस दिवे विझू लागतील, असा इशारा राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी दिला. फेब्रुवारी 1975 मध्ये परिसरातल्या द्राक्षबागायतदारांनी, शेतकऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांनी त्या जागेवर ठाण मांडले. प्रकल्प अखेर बारगळला. मग विरोध करणाऱ्यांपुढेच प्रश्न आला: अणू नको, तर वीज कुठून आणायची? 1981 मध्ये आडोल्फ गोएट्झबर्गर यांनी याच शहरात फ्राउनहोफर सौरऊर्जा संशोधन संस्था स्थापन केली. या संस्थेने 1992 मध्ये एक प्रायोगिक घर बांधले, ज्याला बाहेरून विजेची तारच नव्हती. उन्हाळ्यातल्या जादा विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन साठवायचा आणि हिवाळ्यात त्यावर स्वयंपाक करायचा, इंधनघटातून वीज मिळवायची. प्रयोग यशस्वी झाला, पण एका घरासाठी जणू छोटा रासायनिक कारखानाच मांडावा लागला. डिश यांनी उलट वाट धरली. घर शहराच्या वीजजाळ्याला जोडायचे, दुपारची वीज जाळ्यात सोडायची, रात्री त्यातूनच परत घ्यायची.

या विचारावर उभी राहिली श्लीअरबर्ग सौर वसाहत. शेजारच्या फोबां भागात 1992 पर्यंत फ्रेंच सैन्याच्या बराकी होत्या. सैन्य गेल्यावर शहराने तिथे नवा रहिवासी भाग वसवला. त्याला लागून 2000 ते 2005 या काळात 59 घरांची ही वसाहत झाली. लाकडी बांधणीच्या, दक्षिणेकडे तोंड केलेल्या आणि एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या रांगा. भिंतींना पिवळे, लाल, निळे असे ठळक रंग. छतावर कौले घालून वर पॅनेल ठेवलेले नाहीत, पॅनेल हेच छप्पर आहे. या छपरांची एकूण क्षमता सुमारे 445 किलोवॅट आणि वर्षाची वीज सुमारे 4,20,000 युनिट.

या घरांची युक्ती आधी गरज कमी करण्यात आहे, वीज बनवणे नंतर येते. फ्रायबुर्गच्या 48 अंश अक्षांशावर डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजावर जेमतेम 18-19 अंश चढतो. ते तिरके ऊन दक्षिणेच्या मोठ्या काचांतून थेट घरात शिरते. जूनमध्ये तोच सूर्य 65 अंशांवर असतो, तेव्हा पुढे आलेले छप्पर आणि बाल्कनी त्याला अडवतात. ना मोटर, ना पडदे. भिंती जाड आणि हवाबंद असतात, आणि बाहेर जाणारी शिळी हवा आत येणाऱ्या थंड हवेला आपली ऊब देऊन मग बाहेर पडते. असे घर तापवायला सामान्य जर्मन घराच्या तुलनेत फारच कमी ऊर्जा लागते. तीही लागतेच, हे सांगायला हवे: ढगाळ डिसेंबरात पॅनेल फारसे काही देत नाहीत, आणि घरे तापवायला लाकडाच्या तुकड्यांवर चालणाऱ्या सामायिक केंद्रातून गरम पाणी येते. ‘जादा ऊर्जा’ म्हणजे वर्षअखेरीची जमाबाकी आहे. रोजचा हिशेब मांडला तर हिवाळ्यात घर देणेकरीच असते.

आणि ही जमाबाकी जुळली ती एका कायद्यामुळे. 2000 साली जर्मनीने अक्षय ऊर्जा कायदा केला. घराच्या छतावरून जाळ्यात आलेल्या प्रत्येक युनिटला तेव्हा 99 फेनिग, म्हणजे सुमारे 50 युरो-सेंट, इतका भाव ठरला आणि तो 20 वर्षांसाठी बांधून दिला. ग्राहक विजेसाठी मोजत असलेल्या दरापेक्षा हा भाव कितीतरी जास्त होता. त्यामुळे सौर छप्पर हे घरमालकाचे उत्पन्न झाले आणि बँकांना कर्ज देण्यात अर्थ वाटू लागला. तरीही सगळी घरे हातोहात विकली गेली नाहीत. काही घरे गुंतवणूकदारांच्या निधीने विकत घेऊन भाड्याने दिली. 2000 मध्ये सुरू झालेल्या पॅनेलांच्या दराची हमी 2020 च्या अखेरीस संपली. आता नव्या पॅनेलच्या विजेला त्या जुन्या दराचा लहानसा हिस्साच मिळतो. म्हणून वीज विकण्यापेक्षा घरातच वापरणे, बॅटरीत किंवा मोटारीत साठवणे, हा हिशेब जर्मन घरमालक मांडू लागले आहेत.

वसाहतीच्या कडेला वर्दळीचा रस्ता आहे. त्याचा आवाज अडवायला डिश यांनी 125 मीटर लांबीची ‘सौर जहाज’ ही इमारत बांधली: खाली दुकाने, वर कार्यालये आणि सर्वात वर, छतावरच, नऊ घरे. आवाजाविरुद्धची भिंत इथे घर, बाजार आणि वीजकेंद्र एकत्र होते. फिरत्या घरापेक्षा मला हे अधिक चतुर वाटते.

महाराष्ट्रात यातले काय जुळते? ऊन तर आपल्याकडे कितीतरी जास्त. श्लीअरबर्गचा आकडा भागला तर एक किलोवॅट दिवसाला सरासरी 2.6 युनिट देतो; आपल्याकडे साधारण 4 युनिट धरतात. पण आपल्याला ऊब नको, गारवा हवा. मे आणि जुलैच्या शून्य सावलीच्या दिवशी सूर्य पुण्याच्या थेट डोक्यावर असतो, तेव्हा दक्षिणेकडच्या काचा निरुपयोगी. तापते ते छत. तिथे पॅनेल वीज तर देतेच, शिवाय स्लॅबवर सावलीही धरते.

अडचण दुसरीच आहे. श्लीअरबर्गची बहुतेक घरे जमिनीला टेकलेली आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचे पुरेसे छत आहे. बारा मजली इमारतीत, मजल्यावर चार सदनिका धरल्या, तर 48 कुटुंबांच्या वाट्याला एकच गच्ची येते, आणि तिच्यावर पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोलीही असते. म्हणून आपल्या सोसायट्यांमधले सौर पॅनेल मुख्यतः लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे चालवते. बंगले आणि गावाकडची घरे मात्र स्वतःचे बिल शून्यावर आणू शकतात.