प्रत आणि अनुमती

मुलांनो, अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. त्या काळी आपल्याकडे छापखाने नव्हते. ज्याला ग्रंथ हवा असे, तो तो हाताने उतरून घेई. आणि अशी प्रत करणे पुण्यकर्म मानले जाई. मग आज संगणकावरील एखाद्या खेळाची प्रत करून मित्राला दिली, तर तिला चोरी का म्हणावे?

ज्ञानेश्वरी सर्वांसाठी होती. ती घरोघरी पोचावी हाच तिचा हेतू होता. विकावयाच्या खेळाचे तसे नसते. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा मंडळीने ‘राजी’ नावाचा खेळ रचला. आपल्या धाकट्या भावाच्या शोधार्थ निघालेल्या मुलीची ती कथा आहे. २०१७ साली त्यांनी त्यासाठी लोकवर्गणीची हाक दिली; परंतु ठरविलेली रक्कम जमली नाही. तरीही चिकाटी न सोडता त्यांनी तो खेळ २०२० साली प्रसिद्ध केला. पहिली प्रत घडविण्यास अशी वर्षे लागतात. दुसरी मात्र क्षणात निघते. आपण मोल देतो ते त्या क्षणाचे नव्हे, तर त्या वर्षांच्या श्रमांचे. ते बुडविले, तर चित्रे काढणाऱ्याने, संगीत देणाऱ्याने, आज्ञावली लिहिणाऱ्याने पोट कसे भरावे?

म्हणून कायद्यानेही त्यांचे रक्षण केले आहे. आपला स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ सालचा. १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाच्या आज्ञावलीलाही त्यात ग्रंथासारखे स्थान मिळाले. कर्त्याच्या अनुमतीवाचून जाणूनबुजून प्रती काढून वाटणे हा अपराध होय.

चोरट्या प्रतीत आणखी एक धोका असतो. हस्तलिखितांतही कालांतराने अशुद्धे शिरली होती. म्हणून संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. चोरट्या खेळात तर कोणी मुद्दाम घातक आज्ञावली दडवून ठेवतो. ती आपली माहिती नष्ट करते किंवा परक्याच्या हाती देते.

“पण खेळ फार महाग असतात!” असे तुम्ही म्हणाल. ही अडचण खरी आहे. तथापि तिच्यावर सरळ उपाय आहेत. नव्या खेळाची किंमत काही काळाने उतरते आणि सवलतीच्या दिवसांत तो पुष्कळ स्वस्त मिळतो. तेव्हा थोडा धीर धरावा. शिवाय काही रचनाकार आपले खेळ मुक्तपणे देतात. फ्रान्समध्ये २००० साली सुरू झालेला ‘जेकॉम्प्री’ हा शैक्षणिक खेळांचा संच असाच आहे. त्याच्या नावाचा उच्चार फ्रेंच भाषेत ‘मला समजले’ असा अर्थ देतो. ‘सुपरटक्सकार्ट’ हा शर्यतीचा खेळही तसाच. प्रती काढा, मित्रांना वाटा, बदलही करा, अशी मोकळीक त्यांच्या परवान्यातच दिलेली आहे. शाळेतील सर्व संगणकांवर असे खेळ एक पैसाही न देता घालता येतात. मात्र ते रचनाकारांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच, घरातील वडीलधाऱ्यांना किंवा शिक्षकांना विचारून, घ्यावेत.

तेव्हा प्रत करणे हे मुळात पापही नाही आणि पुण्यही नाही. ज्याने श्रम केले, त्याची अनुमती आहे काय, एवढे आधी पाहावे. ती असेल, तर प्रत आनंदाने घ्यावी आणि इतरांनाही द्यावी.