रूढ कर्णवेध आणि अलंकाराचा धातू

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, १६व्या अध्यायात, कर्णवेधाचा विधी सविस्तर आला आहे. परंतु वेध रूढ झाला की चिंता मिटली, हा समज योग्य नव्हे. पोहरादेवीच्या यात्रेत वा वाशीमच्या बाजारात घेतलेल्या ‘जर्मन सिल्व्हर’च्या बाळीत चांदी नसते, तांबे, जस्त व निकेल असते. घामाने निकेल सुटते आणि ते न सोसणाऱ्या रुग्णाच्या कर्णपाळीस कंडू व स्राव होतो. येथे केवळ लेपाने भागत नाही. निदानपरिवर्जन म्हणून अलंकार प्रथम उतरवावा. पर्यायी धातूंत आम्ही टायटॅनियम सुचवितो. औषधविक्रेत्यांनी डायमिथिलग्लायऑक्झाइमचे द्रावण ठेवावे. त्यात भिजविलेला बोळा दागिन्यावर घासून गुलाबी झाल्यास निकेल सुटते, असे समजावे. दागिना साबणपाण्याने धुऊन, पूर्ण कोरडा करूनच घालण्यास सांगावे.