मोबाइल वापरण्याचे शिक्षण गावात कसे द्यावे?

शेती नांगर-वखराने होते, मोबाइलने होत नाही, हे खरे. परंतु पिकलेल्या मालास योग्य भाव मिळणे आणि सरकारी योजनेचा लाभ पदरात पडणे, या गोष्टी आता बऱ्याच अंशी मोबाइलवर अवलंबून राहू लागल्या आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील कापूस उत्पादकांना याचा प्रत्यय २०२५-२६ च्या हंगामात आला. सीसीआयला हमी भावाने कापूस विकावयाचा असल्यास ‘कपास किसान’ या ॲपवर अगोदर नोंदणी करणे व माल आणण्याचा दिवस ठरवून घेणे त्या हंगामात आवश्यक करण्यात आले. लांब धाग्याच्या कापसाचा हमी भाव क्विंटलला ८,११० रुपये होता. ज्यास नोंदणी साधली नाही, त्यास बाजारात मिळेल तो भाव घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. पऱ्हाटी उत्तम पिकवूनही केवळ हातातील यंत्र चालविता न आल्याने असे नुकसान होऊ शकते.

मोबाइल असणे आणि मोबाइल येणे

घरात मोबाइल आहे, एवढ्यावरून घरातील सर्वांस तो वापरता येतो असे समजू नये. केंद्र सरकारने २०१७ साली प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान सुरू केले. सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतील प्रत्येकी एका व्यक्तीस वीस तासांचे शिक्षण द्यावे, असे त्याचे उद्दिष्ट होते. मार्च २०२४ अखेर हे अभियान संपले. परंतु शिकलेला मुलगा नोकरीसाठी नागपूर-पुण्यास गेला की त्याची विद्याही त्याच्याबरोबर जाते. मागे राहिलेले आईवडील प्रत्येक कामासाठी दुसऱ्याच्या हाती मोबाइल देतात आणि त्याबरोबर आपला आधार क्रमांक, बँकेचा संदेश व गुप्त अंकही देऊन बसतात. म्हणून जी व्यक्ती गावात राहून शेती करते, तिलाच हे शिक्षण मिळाले पाहिजे. त्यात स्त्रियांना वगळून चालणार नाही.

शिकविण्याची पद्धत

नव्या साधनाचा उपयोग गावाने एकत्र बसून शिकावा, ही कल्पना महाराष्ट्रास नवीन नाही. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत, रेडिओ श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. शेतकऱ्यांनी आठवड्यातून दोनदा एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा व त्यावर चर्चा करावी, अशी ती योजना होती. अशी मंडळे असलेल्या गावांतील शेतकऱ्यांच्या ज्ञानात इतर गावांपेक्षा स्पष्ट वाढ झालेली आढळली. नुसते ऐकण्यापेक्षा ऐकून बोलणे अधिक उपयोगी ठरले. मोबाइलच्या बाबतीत त्याला तिसरी गोष्ट जोडावी लागते, ती म्हणजे स्वतःच्या हाताने करणे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एका वेळी सात-आठ जणांपेक्षा अधिक मंडळी घेऊ नयेत. प्रत्येकाने आपलाच मोबाइल आणावा. शिकविणाऱ्याने शिकणाऱ्याच्या हातातून मोबाइल काढून घेऊ नये. चूक झाली तरी बोट त्याचेच चालू द्यावे. एका बैठकीत एकच काम शिकवावे व पुढील बैठकीत प्रथम त्याची उजळणी घ्यावी. ज्यांना अक्षरओळख नाही, त्यांना आधी चिन्हे ओळखावयास शिकवावे; बोलून शोध घेण्याची सोयही दाखवावी. पुसद, दिग्रसकडील तांड्यांवर गोरमाटी आणि केळापूर, झरी जामणी, मारेगावकडील पोडांवर कोलामी बोलणारी एखादी तरुण व्यक्ती सोबत घेतल्यास समज लवकर पडते. फवारणीच्या व वेचणीच्या दिवसांत वर्ग भरवू नयेत; पेरणीपूर्वीचा उन्हाळा त्यासाठी योग्य होय.

धड्यांचा क्रम

पहिला धडा फोन करण्याचा असावा. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक २००४ सालापासून चालू आहे. सकाळी ६ ते रात्री १० या वेळात तेथे मराठीतून शेतीविषयक सल्ला विनामूल्य मिळतो. त्यासाठी साधा मोबाइलही पुरतो. वर्गात प्रत्येकाने एक खरा प्रश्न विचारून पाहावा.

दुसरा धडा छायाचित्राचा. २०१७ साली या जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरू शकत नाही. डब्यावरील बारीक अक्षरे वाचणे कठीण जाते. त्यांचे छायाचित्र घेऊन दोन बोटांनी मोठे केल्यास ती वाचता येतात अथवा वाचून घेता येतात. विषबाधेची शंका येताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि लेबलाचे छायाचित्र डॉक्टरांना दाखवावे; कोणते औषध अंगात गेले हे कळल्यास उपचारास मदत होते. हीच छायाचित्राची विद्या ‘ई-पीक पाहणी’साठीही लागते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या या पद्धतीत शेतकऱ्याने शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे व सातबारावर आपल्या पिकाची नोंद करावयाची असते.

तिसरा धडा संदेश वाचण्याचा व सावधगिरीचा. ओटीपी म्हणजे आपल्या तिजोरीची काही मिनिटांपुरती किल्ली होय. ती फोनवर कोणासही सांगू नये. पैसे येण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही द्यावा लागत नाही. तो मागितला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जाणार, हे निश्चित समजावे. योजनेच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली अनोळखी फाइल उघडू नये. फसवणूक झाल्यास लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितका उशीर होईल, तितके पैसे अडवून धरणे अवघड होते.

हे तीन धडे पक्के झाल्यानंतरच नोंदणीच्या ॲपकडे वळावे.

यशाची कसोटी

किती लोक वर्गास आले, यावरून यश मोजू नये. महिन्याभराने त्या घरी जावे. बाईने आपल्या खात्यात जमा झालेल्या रकमेचा संदेश स्वतः वाचून दाखविला, शेतकऱ्याने मदतीशिवाय आपले पीक नोंदविले, म्हणजे काम झाले असे समजावे. अशा प्रत्येक व्यक्तीने शेजारच्या एकास शिकविल्यास पुढील कापूस हंगाम येईपर्यंत गावातील फार थोडी घरे परावलंबी राहतील. या कामास खर्च जवळजवळ नाही. लागतो तो केवळ वेळ आणि धीर.