बाटलीवरचा क्रमांक

दिनांक 30 ऑक्टोबर 1902. पंजाबातील मुल्कोवाल या गावी (आज हे गाव पाकिस्तानात आहे) प्लेगची लस टोचण्याचे काम चालू होते. साथीच्या भयाने ग्रासलेल्या 107 ग्रामस्थांनी विश्वासाने हात पुढे केले. काही दिवसांतच त्यांपैकी 19 जणांना धनुर्वात झाला आणि त्यांतील एकही वाचला नाही.

लस मुंबईहून आली होती. परळच्या प्रयोगशाळेत ती तयार करणारे वाल्डेमार हाफकिन हे ओडेसा येथे जन्मलेले शास्त्रज्ञ. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली होती. तरीही साऱ्या दोषाचे खापर त्यांच्यावर फुटले. बाटली उघडण्यापूर्वीच दूषित झाली असावी, असे चौकशी आयोगाचे मत पडले आणि हाफकिन यांना आपल्या पदास मुकावे लागले.

परंतु नोंदवहीत एक गोष्ट शिल्लक होती. त्या दिवशी पाच बाटल्या वापरल्या गेल्या. मरण पावलेल्या सर्वांना एकाच, ‘53 एन’ क्रमांकाच्या बाटलीतील लस दिलेली होती. उरलेल्या 88 जणांना काहीही अपाय झाला नाही. ही बाटली मुंबईत 41 दिवस आधी भरलेली होती. इतके दिवस जंतू आत वाढत असते, तर ती उघडताच दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. उलट, बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीवर न धरता नुसता जंतुनाशक द्रावणात बुडवून वापरला गेला, हे साक्षीतून पुढे आले. 1907 साली रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी ‘टाइम्स’मध्ये हाफकिन यांची बाजू मांडली, त्याच वर्षी ते दोषमुक्त झाले. 1925 मध्ये परळच्या त्या संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले.

आज प्रत्येक कुपीवर बॅच क्रमांक, निर्मितीची तारीख आणि वापराची अंतिम मुदत छापलेली असते. कारखान्यातील चाचण्यांनंतर बॅचचे नमुने कसौली येथील केंद्रीय औषध प्रयोगशाळेत तपासले जातात. त्यानंतर लस राज्य, विभाग आणि जिल्ह्याच्या शीतगृहांतून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचते. बहुतेक लसी या वाटेवर 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. कुपीवरच्या वर्तुळात एक फिकट चौकोन असतो. उष्णतेने तो गडद होत जातो. वर्तुळाइतका गडद झाला की ती कुपी वापरायची नसते. कोठे विपरीत परिणाम झाल्यास बॅच क्रमांकावरून ती लस आणखी कोणाकोणास दिली गेली, हे शोधता येते आणि गरज पडल्यास उरलेला साठा थांबवता येतो.

तान्ह्या बाळाला लस देताना आईवडिलांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. त्या शंकेपायी लस टाळली, तर बाळ गोवर, घटसर्प अशा रोगांपुढे उघडे पडते. शंका मनात दडपून ठेवण्यातही हित नाही. कुपीवरची मुदत आणि चौकोन दाखवण्यास परिचारिकेला अवश्य सांगावे. बाळाच्या कार्डावर तारखेशेजारी बॅच क्रमांकही लिहून घ्यावा आणि लस दिल्यानंतर अर्धा तास केंद्रातच थांबावे. पुढे काही त्रास जाणवल्यास तेच कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जावे. मुल्कोवालच्या दुर्घटनेचा माग लागला, तो बाटलीवरच्या अशाच एका क्रमांकामुळे.