परसातील चुका

चुका ही थोड्या जागेत व थोड्या दिवसांत येणारी आंबट पालेभाजी होय. मुंबई उपनगर जिल्ह्यात शेतजमीन आता फार थोडी उरली आहे. तथापि बोरिवलीकडील पाड्यांच्या परसात, गोराई-मनोरीच्या वाड्यांत किंवा घाटकोपर-मुलुंडच्या गच्चीवर चुक्याचा एखादा वाफा सहज करता येतो.

लागवड : येथील दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो. पाणी साचल्यास चुका कुजतो. म्हणून पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरपासून बी पेरावे. ३ मीटर लांब व १ मीटर रुंद वाफ्यात दोन-तीन घमेली चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. वीतभर अंतराच्या ओळींत बी उथळ पेरून हलके पाणी द्यावे. सुमारे ४० दिवसांनी जमिनीपासून दोन बोटे ठेवून पाला कापावा, म्हणजे तो पुन्हा फुटतो.

पाणी : या भागात खरा प्रश्न पाण्याचा आहे. रेल्वेमार्गालगत व नाल्याकाठी सांडपाण्यावर पालेभाजी पिकवण्याचा प्रकार अनेक वर्षे दिसत आला आहे. अशा पाण्यातील रोगजंतू पानांना चिकटतात. त्यात कारखान्यांचे पाणी मिसळले असल्यास शिसे, कॅडमियम यांसारखे विषारी धातू मुळांवाटे पानांत शिरतात. धुण्याने माती व काही जंतू जातात. पानांत शिरलेले धातू जात नाहीत. यास्तव नाल्याचे पाणी चुक्यास कदापि देऊ नये. खाडीलगतच्या विहिरीचे पाणी मचूळ झाले असल्यास तेही टाळावे.

स्वयंपाक : आंबटपणामुळे डाळ लवकर शिजत नाही. म्हणून भिजवलेली हरभरा डाळ व शेंगदाणे आधी मऊ शिजवून मगच चिरलेला चुका घालावा. थोडे बेसन लावून, गूळ व मीठ घालून लसणीची फोडणी द्यावी. अळूच्या फदफद्यातही चुका घालतात. त्याच्या आंबटपणामुळे अळूची खाज कमी होते. ही भाजी ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात शिजवू नये. आम्लामुळे धातू भाजीत उतरतो. चुक्यात ऑक्झॅलिक आम्ल बरेच असते. मूतखड्याचा विकार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून तो खाऊ नये.

परसबागेस बी देणाऱ्यांनी त्यापूर्वी तेथील पाणी कोठून येते, हे स्वतः पाहावे. पाणी स्वच्छ नसल्यास तेथे पालेभाजीऐवजी फुलझाडे लावण्याचा सल्ला द्यावा.